मोहित्यांच्या लेकीनें राखलेलें राज्य

राजाराममहाराज वारल्यावर पुढें काय झालें, असें शाळेंतल्या मुलाला विचारा. तो चटकन सांगतो, "औरंगजेब मेला आणि शाहूमहाराज सुटून आले." पण बाबा, मधलीं सात वर्षें गेलीं कुठें? महाराज सिंहगडावर वारले १७०० सालीं, बादशहा अहमदनगरास मेला १७०७ सालीं. एवढा काळ राज्य काय आपोआप तगलें? राखण केल्याशिवाय पीक घरांत येत नाहीं, हें कुणब्याला तरी सांगावयास नको.

ती राखण केली तळबीडच्या मोहित्यांच्या लेकीनें. सरसेनापति हंबीरराव मोहिते १६८७ सालीं वाईकडच्या लढाईंत पडले. त्यांची ही मुलगी ताराबाई. विधवा झाली तेव्हां वय पंचविशीचें, पदरीं चार वर्षांचा शिवाजी, आणि साताऱ्याच्या किल्ल्याला खुद्द बादशहाचा वेढा. अशा बाईला आपल्याकडे कोपरा दाखवितात. हिनें मुलाला गादीवर बसविलें व कारभार आपल्या हातीं घेतला.

लढाई कशी चालली तें पाहण्यासारखें आहे. बादशहानें एकेका गडाखालीं महिनेच्या महिने बसावें, गडकऱ्यांनीं पावसाळा तोंडावर येईपर्यंत झुंजावें, आणि मग भरपूर रकम मोजून घेऊन गड खालीं करावा. विशाळगड असाच १७०२ च्या जूनांत दोन लाख रुपये घेऊन दिला. गड मिळाला खरा, पण परततांना पन्हाळ्यापर्यंतची तीस मैलांची वाट तुडवावयास बादशाही लष्कराला अडतीस दिवस लागले! आषाढांत घाटांतून गाडी हांकलेल्या माणसाला त्या चिखलाचें वर्णन करून सांगण्याची गरज नाहीं. ह्या मोहिमेंत नुसत्या तरवारीच्या बळावर हातीं आलेला मोठा गड म्हणजे १७०४ सालचा तोरणा. बाकीच्यांना जिंकले म्हणावें कीं विकत घेतले म्हणावें? बादशहाची पाठ वळतांच सिंहगड, पन्हाळा यांसारखे गड मराठ्यांनीं पुन्हा घेतलेच.

इकडे म्हातारा बादशहा सह्याद्रींत अडकलेला, आणि तिकडे मराठी फौजा माळव्यांत व गुजराथेंत शिरलेल्या. १७०६ सालीं धनाजी जाधवांनीं गुजराथेंत मोगलांची धूळधाण केली. (माळव्याचा कुणबीहि कुणबीच, फौजेच्या टापांखालीं त्याचें पीक गेलें असेल, हेंहि विसरूं नये.)

कोणी म्हणतात, हें सारें धनाजींनीं केलें, रामचंद्रपंतांनीं केलें, परशुरामपंतांनीं केलें; बाई नांवाची. बैल कितीहि खंदे असोत, कासरा धरणारा कोणी लागतो कीं नाहीं? आणि खाफीखान तर मोगलांकडचा लेखक! तिला चढविण्यांत त्याला काय मिळणार होतें? तोच लिहितो कीं, ही बाई हुशार, नवऱ्याच्या हयातींतच मुलकी व लष्करी कामांत तिचा लौकिक होता, आणि बादशहानें एवढें करूनहि मराठ्यांचें बळ वाढतच गेलें. घरच्यांनीं मात्र तिला 'भांडकुदळ' ठरवून पान उलटलें.

भांडली ती, हें आम्ही झांकीत नाहीं. शाहूमहाराजांना तिनें तोतया म्हटलें, १७०७ सालीं खेडला त्यांच्याशीं लढली, हरली. मग कोल्हापूरची वेगळी गादी मांडली. १७१४ सालीं सवत राजसबाईच्या पक्षानें मुलासकट तिला पन्हाळ्यावर कैदेंत टाकलें. पुढें आपला नातू म्हणून पुढें आणलेल्या रामराजाला तिनें १७५० सालीं साताऱ्यास अडकवून ठेवलें, आणि १७५२ सालीं जेजुरीस खंडोबापुढें शपथ वाहिली कीं, हा माझा नातू नव्हे. हें वागणें आम्हांस मुळींच रुचत नाहीं. पण औरंगजेबानें बापाला कोंडलें, भाऊ मारविले, तरी पुस्तकांत तो 'सम्राट'! गादीसाठीं पुरुष भांडला तर तें राजकारण, बाई भांडली तर तो कज्जा, हा न्याय कुठला?

१७६१ सालीं, पानिपताच्या वर्षाच्या अखेरीस, शहाऐंशीच्या घरांत ती साताऱ्यास वारली. कृष्णाकांठीं संगम माहुलीस तिची समाधि आहे. साताऱ्यास बाजाराला जाणाऱ्यांस माहुली कांहीं लांब नाहीं. पुढल्या खेपेस जातांना घरच्या मुलींनाहि बरोबर घ्यावें.