सेवाभावाचं कौतुक पुरे, सिस्टर वाढवा!

जनरल वॉर्डात राउंड खाटेपाशी येतो. डॉक्टर केसपेपर चाळतात आणि म्हणतात, "आता करण्यासारखं काही उरलं नाही." राउंड पुढे सरकतो. त्या क्षणापासून ती खाट जणू वॉर्डात नसतेच. पण खाटेवरचा माणूस अजून जिवंत असतो. त्याचं तोंड कोरडं पडलेलं असतं, त्याला दुखत असतं, कूस बदलता येत नसते. आणि खाटेखाली चटई टाकून त्याची बायको, सून नाहीतर लेक रात्रभर जागत असते.

करण्यासारखं काही उरलं नाही? मैत्रिणींनो, हे धादांत खोटं आहे. दर दोन-तीन तासांनी कूस बदलायची, ओल्या बोळ्याने ओठ पुसायचे, भिजलेली चादर काढायची, कुठे दुखतंय ते विचारायचं, वेदनेच्या औषधाची वेळ चुकू द्यायची नाही, आडोसा करायचा, घरच्यांशी खरं बोलायचं. हे सगळं 'काहीच नाही' का ठरतं? कारण हे बायकांचं काम आहे. घरात ज्याला काम म्हणत नाहीत, त्याला इस्पितळातही काम म्हणत नाहीत.

रुग्णालयात समाजसेविका म्हणून काम करताना नातेवाइकांची एक तक्रार मी नेहमी ऐकते: "सिस्टर ढुंकूनही बघत नाहीत." खोटी नाही ती. पण भारतीय परिचर्या परिषदेचा निकष सांगतो की शिक्षण-रुग्णालयाच्या जनरल वॉर्डात तीन रुग्णांमागे एक, म्हणजे दर पाळीला साधारण नऊ रुग्णांमागे एक सिस्टर हवी. मी पाहिलेल्या वॉर्डांत रात्रपाळीला एकच सिस्टर चाळीस खाटा आणि शिवाय जमिनीवरचे पेशंट सांभाळते. ती इंजेक्शनं देईल की मरणाऱ्याचा हात धरेल? खाटेखालची बाई आणि ड्यूटीवरची बाई एकमेकींवर चिडतात, आणि पदं रिकामी ठेवणारं सरकार नामानिराळं राहतं.

अशा वेळी अरुणा शानबागचं नाव हमखास काढलं जातं. १९७३ साली मुंबईच्या केईएम रुग्णालयात या सिस्टरवर तिथल्याच सफाई कामगाराने अत्याचार केला. २०१५ साली ती गेली, तोपर्यंत तिथल्या सिस्टरांनी पिढ्यान्‌पिढ्या तिला सांभाळलं. सर्वोच्च न्यायालयानेही २०११ च्या निकालात त्यांचा गौरव केला. इतकी वर्षं अंथरुणाला खिळूनही तिला बेडसोअर झाले नव्हते. यातून सगळ्यांनी त्यागाचा धडा घेतला. मला दिसतो तो धडा वेगळा आहे. बेडसोअर हे नशीब नव्हे. पुरेसे हात आणि पुरेसा वेळ मिळाला तर ते टळतात. अरुणा त्यांची सहकारी होती. शेजारच्या वॉर्डातल्या अनोळखी म्हातारीला तेवढंच मिळायचं असेल, तर ते कुणाच्या मायेवर सोडून चालणार नाही.

वेदनेचंही तेच. अमली पदार्थांच्या १९८५ च्या कायद्यामुळे मॉर्फीन मिळवणं परवान्यांच्या जंजाळात अडकलं होतं. २०१४ च्या दुरुस्तीने ती वाट सोपी केली. तरी कितीतरी वॉर्डांच्या कपाटात मॉर्फीनची गोळी नाही. सन्मानाने मरणं हा जगण्याच्या हक्काचाच भाग आहे, असं सर्वोच्च न्यायालयाने २०१८ मध्ये सांगितलं. रात्रभर कण्हत, ओल्या चादरीवर, चाळीस जणांसमोर मरण्यात कसला सन्मान?

म्हणून आपल्या मागण्या साध्या आहेत :

१. सिस्टरांची रिकामी पदं कायमस्वरूपी भरा. कंत्राटावर नको.
२. प्रत्येक वॉर्डात मॉर्फीन ठेवा, आणि ते कसं द्यायचं याचं प्रशिक्षण सिस्टरांना द्या.
३. मरणासन्न रुग्णाच्या खाटेला पडदा लावा आणि सोबतच्या बाईला झोपायला जागा, वापरायला संडास द्या.

या मागण्यांचं निवेदन नर्सेसच्या संघटनांना बरोबर घेऊनच द्यायचं. खाटेखालची बाई आणि ड्यूटीवरची बाई एका बाजूला उभ्या राहिल्या, तर त्यांना टाळणं अवघड जाईल.