मुक्काम आधी, किलोमीटर नंतर

मित्रमंडळींनी चार-पाच दिवसांच्या सायकल सहलीचा बेत आखायला घेतला की पहिली चर्चा किलोमीटरची होते. रोज ऐंशी करू, शंभर करू, मागच्या वेळी कोणी किती केले, असे हिशेब निघतात आणि गटात जो सर्वांत तंदुरुस्त, तो नकळत साऱ्यांचा वेग ठरवून मोकळा होतो. वाट कालव्याकाठची असली की हा मोह आणखी वाढतो. चढ नाही, मोटारी नाहीत, वाट चुकण्याची भीती नाही. मग अडचण कसली? माझे म्हणणे नेमके उलट आहे. कालव्याकाठच्या सामूहिक सहलीचे नियोजन मुक्कामापासून सुरू व्हायला हवे, आणि तो मुक्काम सर्वांत मागे असलेल्या सायकलस्वाराला अंधार पडण्याआधी सुखाने गाठता येईल असाच हवा. उदाहरण म्हणून अमेरिकेतला चेसापीक अँड ओहायो कालवा घेतो. वॉशिंग्टन, मेरिलँड आणि व्हर्जिनिया पट्ट्यात स्थायिक झालेल्या मराठी कुटुंबांना तो जवळचा आहे, आणि अशा कुटुंबांच्या गटात तिशीतले दोघे, पन्नाशीतले चौघे, एखादा शाळकरी मुलगा ही सरमिसळ अगदी साहजिक असते.

पोटोमॅक नदीला धरून जाणाऱ्या या कालव्याचे काम 4 जुलै 1828 रोजी राष्ट्राध्यक्ष जॉन क्विन्सी ॲडम्स यांच्या हस्ते सुरू झाले. त्याच दिवशी बाल्टिमोर अँड ओहायो रेल्वेच्या कामाचाही आरंभ झाला. रेल्वे कालव्याच्या वरच्या टोकाला, कम्बरलँडला, 1842 मध्ये पोहोचली, कालव्याला 1850 उजाडले. शर्यत तिथेच संपली होती. तरीही कोळशाच्या बोटी चालत राहिल्या, आणि 1924 च्या पुरानंतर वाहतूक कायमची थांबली. बोटी ओढणारी खेचरे ज्या वाटेने चालत, तीच आज सायकलींची वाट आहे. जॉर्जटाउन ते कम्बरलँड हे अंतर 184.5 मैल, म्हणजे सुमारे 297 किलोमीटर. एवढ्या अंतरात 74 लॉक, म्हणजे बोटी वर-खाली करणारे दारांचे हौद, मिळून पाणी जेमतेम 184 मीटर चढते. किलोमीटरमागे सरासरी 62 सेंटीमीटर! हा सपाटपणा खरा असला तरी फसवा आहे. घाटात चढताना दम लागतो, पण उतारावर पायांना विसावा मिळतो. इथे पायडल सकाळपासून संध्याकाळपर्यंत मारतच राहावे लागते. बसण्याची ढब बदलत नाही, त्यामुळे मांड्यांच्या आधी कंबर आणि मनगटे बोलू लागतात. वाट बव्हंशी माती आणि बारीक खडीची. पाऊस झाला की चिखल ब्रेकमध्ये आणि मडगार्डमध्ये गच्च बसतो. त्यात वेगाची मर्यादा ताशी 15 मैल, म्हणजे 24 किलोमीटर. डांबरी रस्त्यावर सहज शंभर किलोमीटर मारणाऱ्याने तो आकडा इथे गृहीत धरणे म्हणजे स्वतःची नाही तरी सोबत्यांची फसगत करणे होय.

मग नियोजन कशावर करायचे? या वाटेनेच त्याचे उत्तर देऊन ठेवले आहे. जॉर्जटाउनपासून मैलाचे आकडे लागलेले आहेत. पायी आणि सायकलने जाणाऱ्यांसाठी दर काही मैलांवर तंबू ठोकण्याच्या जागा आहेत. तिथे एक टेबल, शेकोटीची जागा, शौचालय आणि हातपंप, एवढीच सोय असते. जागा आधी येईल त्याची. म्हणून चारापेक्षा जास्त तंबू असतील तर गटांसाठी राखीव जागा आधीच आरक्षित करणे शहाणपणाचे. काही जुनी लॉककीपरची घरे आता रात्रीच्या वस्तीसाठी भाड्याने मिळतात. आठ जणांचा गट असला तर एका घरात सामावतो. कम्बरलँडहून निघून पहिल्या दिवशी लिटल ऑर्लिन्सपर्यंत 70 किलोमीटर, दुसऱ्या दिवशी विल्यम्सपोर्टपर्यंत 67, तिसऱ्या दिवशी हार्पर्स फेरीपर्यंत 62, चौथ्या दिवशी एडवर्ड्स फेरीच्या आसपास 48 आणि शेवटच्या दिवशी जॉर्जटाउनपर्यंत पन्नासेक, असा पाच दिवसांचा बेत बसतो. आकडे साधारण उतरते आहेत, हे मुद्दाम. पहिल्या दिवशी अंगात उत्साह असतो, चौथ्या दिवशी खोगीर टोचू लागते. शिवाय कम्बरलँडहून निघण्याचा फायदा उताराचा नाही, तो जाणवतच नाही; फायदा हा की गट, सायकली आणि सामान दूरच्या टोकाला एकदम नेता येते आणि रोजची मजल घराच्या दिशेने पडते. कोणी थकलाच तर त्याला न्यायला यायला दिवसागणिक कमी अंतर पडते. कम्बरलँडला रेल्वेने जाता येते; पण गाडीत सायकलींच्या जागा मोजक्याच, म्हणून गटाच्या तारखा या जागा मिळाल्यावरच पक्क्या कराव्यात.

पाण्याचा हिशेबही मुक्कामाशीच बांधलेला आहे. हातपंपाचे पाणी आयोडीन घालून दिले जाते, आणि हिवाळा लागला की पंपांचे दांडेच काढून ठेवतात. मधल्या काळातही पाण्याची तपासणी नापास झाली की तो पंप बंद. म्हणजे नकाशावर पंप दिसतो म्हणून बाटल्या रिकाम्या ठेवणे धोक्याचे. दोन पंपांपुरते पाणी प्रत्येकाच्या सायकलवर हवेच. पावसाचेही तसेच. हॅनकॉक गावाच्या दोन्ही अंगांना वेस्टर्न मेरिलँड रेल ट्रेल ही डांबरी वाट कालव्याला समांतर जाते. रात्री धो धो पाऊस झाला तर सकाळी चिखल तुडवण्याऐवजी त्या वाटेला लागायचे, हे आदल्या दिवशी ठरलेले असले की वाद होत नाही. दुरुस्तीचे सामानही असेच सामूहिक असते. निघण्याआधी प्रत्येकाच्या चाकाचा आकार आणि ट्यूबच्या व्हॉल्व्हची जात कागदावर लिहून घ्यावी. सहा सायकलींना चार प्रकारच्या ट्यूब लागत असतील, तर एकाच्या पंक्चरला दुसऱ्याची ट्यूब उपयोगी पडत नाही, हे रानात उमगण्यापेक्षा घरी उमगलेले बरे.

गटाचे नियम का आधी ठरवायला हवेत, हे पॉ पॉ बोगद्याइतके स्पष्ट कुठेच दिसत नाही. 3,118 फूट, म्हणजे सुमारे 950 मीटर लांबीचा हा बोगदा खोदायला 1836 ते 1850 अशी चौदा वर्षे लागली. आत मिट्ट काळोख. एका बाजूला विटांची ओली भिंत, दुसऱ्या बाजूला लाकडी कठडा आणि खाली पाणी. वाट इतकी अरुंद की समोरून कोणी आले तर सायकल भिंतीला टेकवून उभे राहावे लागते. कठड्यावर हात फिरवला तर बोटींच्या दोरांनी घासून पाडलेल्या खाचा बोटांना लागतात. एकदा दोन बोटींचे कप्तान बोगद्यात समोरासमोर आले, मागे कोणीच हटेना, आणि शेवटी कंपनीच्या माणसांनी धूर करून त्यांना बाहेर काढले, असे तिथे सांगितले जाते. ती कथा असो वा घटना, तिचा अर्थ साधा आहे: अरुंद जागेत कोण थांबणार हे तिथे पोहोचल्यावर ठरत नसते. सायकलस्वारांनी इथे उतरून सायकल हातात धरावी, दिवे लावावेत, पुढच्याने शेवटच्या माणसाचे नाव ऐकू येईपर्यंत बाहेर थांबावे. हार्पर्स फेरीला गावात जायचे तर पुलावर चढायला गोल जिना आहे; भरल्या सामानाची सायकल एकट्याने वर नेता येत नाही. तिथे जो पुढे निघून गेला, त्याचा मागच्याला काहीच उपयोग नाही.

यावर दोन आक्षेप येतात. पहिला असा की पैसे मोजून सामान वाहणारी गाडी ठेवली की प्रश्न मिटतो. गाडी जरूर ठेवावी. वयस्कर मंडळी असतील तर ठेवावीच. पण ती कालव्याच्या वाटेवर येऊ शकत नाही. ती भेटते रस्ता वाटेला येऊन मिळतो तिथेच, आणि वरच्या भागात असे दोन थांबे दूरदूर आहेत. मोबाइलची रेंज काही टप्प्यांत मिळत नाही. म्हणजे गाडी असली तरी कुठल्या मैलाला, किती वाजता, आणि तोवर न आल्यास काय, हे ठरवावेच लागते. गाडीमुळे सामानाचे ओझे उतरते, नियोजनाचे नाही.

दुसरा आक्षेप अधिक वजनदार आहे. सायकल म्हणजे मोकळेपणा. मुक्काम, थांबे, शेवटचा माणूस यांच्या चौकटीत ती बसवली की सहलीची कवायत होते, आणि जे जोरात जाऊ शकतात त्यांनी मंद गतीची शिक्षा का भोगावी? या प्रश्नाचे उत्तर मराठी माणसाला परके नाही. आळंदी ते पंढरपूर ही सुमारे अडीचशे किलोमीटरची वाटचाल मुक्काम आणि विसाव्यांच्या वेळापत्रकावरच चालते, दिंड्यांचा क्रमही ठरलेला. म्हणून काही वारीतला आनंद आटत नाही. ठरलेल्या गोष्टी ठरलेल्या असल्यामुळेच वारकऱ्याला गाता येते. जोरात जाणाऱ्यांनाही कालव्यावर काम कमी नाही. अँटिएटमची 1862 सालची रणभूमी वाटेपासून फार लांब नाही. सकाळी लवकर निघून तिथे जाऊन यावे आणि दुपारी गटाला गाठावे. मोनोकेसी नदीवरच्या सात कमानींच्या जलसेतूवर थांबून मागच्यांची वाट पाहावी. बंधन संध्याकाळच्या भेटीचे आहे, दिवसभराच्या वेगाचे नाही.

आणखी एक गैरसमज काढून टाकावासा वाटतो: प्रत्येकाने सगळे 297 किलोमीटर पुरे केले तरच सहल यशस्वी. 1954 मध्ये या कालव्याच्या जागी मोटाररस्ता करण्याच्या योजनेला ‘वॉशिंग्टन पोस्ट’ने अग्रलेखातून पाठिंबा दिला, तेव्हा सर्वोच्च न्यायालयाचे न्यायमूर्ती विल्यम डग्लस यांनी संपादकांना ही सगळी वाट आपल्याबरोबर चालून पाहण्याचे आव्हान दिले. मार्चमध्ये कम्बरलँडहून 58 जण निघाले. शेवटपर्यंत सारे अंतर चालले ते नऊच. बाकीच्यांच्या पायांना फोड आले, कामे निघाली, ते अधूनमधून गळले आणि काही पुन्हा येऊन मिळाले. तरीही पदयात्रेचे काम झाले: वृत्तपत्राने भूमिका बदलली, रस्त्याची योजना मागे पडली आणि 1971 मध्ये कालवा राष्ट्रीय ऐतिहासिक उद्यान झाला. म्हणून बेताच्या कागदावर रोजच्या मुक्कामासोबत आणखी एक रकाना असावा: इथून कोणाला परत जायचे असेल तर कसे, आणि इथे कोणाला येऊन मिळायचे असेल तर कसे. तो रकाना भरलेला असला की दमलेला माणूस खोटे अवसान आणत नाही, तंदुरुस्त माणूस त्याच्यावर चिडत नाही, आणि पुढच्या वर्षी त्याच गटाला पुन्हा निघावेसे वाटते.