पोटात बाळ आहे म्हणून पगार कापता येत नाही

मे 2022 मध्ये जागतिक फुटबॉल महासंघाच्या, म्हणजेच फिफाच्या न्यायाधिकरणाने एक निकाल दिला. फ्रान्समधील ऑलिंपिक लिऑन या बलाढ्य क्लबने आपल्या एका महिला खेळाडूला 82 हजार युरोंहून अधिक थकीत पगार व्याजासह द्यावा, असा तो आदेश होता. क्रीडा पानावर अशा बातमीला चार ओळींपलीकडे जागा मिळत नाही. आम्हाला मात्र ती कामगारांच्या हक्काची बातमी वाटते आणि म्हणूनच वाचकांसमोर ती सविस्तर मांडणे आम्ही आमचे कर्तव्य समजतो.

ही खेळाडू म्हणजे सारा ब्यर्क गुन्नार्सडोत्तिर. चार लाखांहून कमी वस्तीच्या आइसलँड देशात 1990 साली तिचा जन्म झाला. 2011 मध्ये ती पोटापाण्यासाठी आणि खेळासाठी देश सोडून स्वीडनला गेली. माल्मो शहरातील क्लबकडून तिने चार वेळा राष्ट्रीय लीग जिंकली. 2016 मध्ये ती जर्मनीत वोल्फ्सबर्गला गेली, तिथेही चार विजेतेपदे मिळवली. 2020 मध्ये लिऑनने तिला करारबद्ध केले आणि त्याच वर्षी ऑगस्टमध्ये चॅम्पियन्स लीगच्या अंतिम सामन्यात तिने आपल्याच जुन्या क्लबविरुद्ध लिऑनचा तिसरा गोल केला. लिऑन 3-1 ने जिंकले. आइसलँडकडून ती 145 सामने खेळली. थोडक्यात, ही कोणी नवखी पोर नव्हती. आपल्या कामात ती अव्वल होती.

2021 मध्ये ती गरोदर राहिली. क्लबच्या संमतीने ती मायदेशी गेली आणि त्यानंतर तिच्या खात्यात पगाराचा किरकोळ भागच जमा होऊ लागला. विचारणा केली तर धड उत्तर नाही. प्रकरण फिफाकडे नेले तर या क्लबमध्ये तुला भवितव्य उरणार नाही, असे आपल्याला सुनावण्यात आल्याचे तिने पुढे जानेवारी 2023 मध्ये जाहीरपणे लिहिले. आपण फ्रान्सच्या कायद्याप्रमाणेच वागलो, अशी क्लबची भूमिका होती.

आता कायदा काय म्हणतो ते पाहू. 1 जानेवारी 2021 पासून फिफाचे मातृत्वविषयक नियम लागू झाले. किमान 14 आठवडे रजा, त्या काळात किमान दोन तृतीयांश पगार, आणि रजेपूर्वी खेळाडू मैदानावर उतरू शकत नसेल तर तिला दुसरे योग्य काम देण्याची क्लबवर जबाबदारी. गरोदरपण म्हणून करार मोडता येणार नाही, हेही त्यात स्पष्ट आहे. याचा अर्थ असा की गरोदर बाई ही आजारी बाई नव्हे आणि गैरहजर बाई तर नव्हेच. ती कामावर आहे. न्यायाधिकरणाने हेच मान्य केले आणि थकबाकी वसूल करून दिली. या नियमांखालचा अशा प्रकारचा हा पहिलाच निकाल.

आम्हाला येथे बाबासाहेबांची आठवण होणे अपरिहार्य आहे. फिफाला 2021 मध्ये जे सुचले, ते बाबासाहेबांनी 1928 मध्ये मुंबई विधिमंडळात मांडले होते. गिरणी-कारखान्यांतील कामगार स्त्रीला बाळंतपणाच्या काळात पगारी विश्रांती मिळावी, यासाठीच्या विधेयकाला त्यांनी ठाम पाठिंबा दिला. हा भार बराचसा सरकारने उचलावा, परंतु जो मालक स्त्रीच्या श्रमातून फायदा घेतो त्याला जबाबदारीतून पूर्ण मोकळे सोडता येणार नाही, असा त्यांचा युक्तिवाद होता. 1929 मध्ये मुंबई प्रांतात तो कायदा झाला. देशभरासाठीचा कायदा यायला 1961 साल उजाडले. 2017 मध्ये रजा 26 आठवड्यांची झाली.

पण कायदा पुस्तकात असणे वेगळे आणि बाईच्या हातात पडणे वेगळे. आमच्या वकिलीत असे प्रसंग नित्याचे आहेत. बाळंतपण आटोपून बाई कामावर जाते तर हजेरीपटावर तिचे नाव नसते. कागद विचारला तर तिच्याकडे नेमणुकीची चिठ्ठीसुद्धा नसते. 'वकीलसाहेब, भांडून उपयोग काय, दुसरीकडे तरी काम मिळेल ना?' हा तिचा प्रश्न असतो. साराला मिळालेली धमकी आणि आमच्या या भगिनीची भीती यांत फरक तो काय? फरक एवढाच की साराच्या हातात लेखी करार होता आणि पाठीशी खेळाडूंची जागतिक संघटना फिफप्रो उभी होती. चॅम्पियन्स लीगच्या अंतिम सामन्यात गोल करणारीलासुद्धा एकटीने हा पगार वसूल करता आला असता काय? आम्हाला शंका आहे.

आपल्या देशातील मुलीही आता या वाटेने निघाल्या आहेत. मणिपूरची बाला देवी 2020 मध्ये स्कॉटलंडच्या रेंजर्सकडे गेली, पंजाबची मनीषा कल्याण 2022 मध्ये सायप्रसच्या अपोलॉन क्लबकडे गेली. उद्या आपल्या वस्तीतली मुलगीही जाईल, जावीच. तिला बूट घेऊन द्या, मैदान मिळवून द्या. पण तिच्या करारावर सही होण्यापूर्वी तो शेवटच्या ओळीपर्यंत वाचायलाही शिकवा आणि संघटनेची पावती फाडायलाही सांगा.

सारा 2022 मध्ये लिऑन सोडून इटलीच्या युव्हेंटसकडे गेली आणि आई झाल्यावरही खेळत राहिली. तिने क्लबकडे कसलीही मेहेरबानी मागितली नव्हती. केलेल्या कराराचे पैसे मागितले होते. आपल्या कामगार भगिनींनीही तेवढेच मागावे, मात्र एकटीने नव्हे, संघटितपणे मागावे, एवढेच आमचे सांगणे आहे.