निर्वंश कोणाला म्हणता?

दिवाळीला सारे घर जमले की फराळाच्या ताटावर कोणीतरी हमखास उसासा टाकतो, "काकांचे तेवढे राहिले हो, वंश काही वाढला नाही!" काकूंबद्दल उघड बोलत नाहीत, ओटी भरताना नुसती नजर चुकवतात. वर निसर्गाचा दाखला तयार असतोच: बीज पुढे गेले नाही तर जन्म फुकट. ठीक आहे. साक्षीदार तुम्ही बोलावलात, उलटतपासणी मी घेतो.

पावसाळ्यात न्हावा शेव्याकडे ओल्या चिखलावर पिवळ्या फुलपाखरांचा थवा क्षार शोषीत बसतो. ते बहुतेक नर असतात. अशा नराच्या वृषणात तो सुरवंट असल्यापासूनच शुक्राणू घडू लागतात. २५६ शुक्राणूंची एकेक जुडी. या शुक्राणूंत केंद्रक असते, म्हणजे बापाचा वारसा. पुढे कोषात जाण्याच्या सुमारास दुसरी जात निघू लागते. ती आखूड असते, आणि घडता घडता तिच्यातले केंद्रक चक्क बाहेर टाकले जाते. शेपटी आहे, धावपळ आहे, वारसा मात्र नाही. अनेक जातींच्या फुलपाखरांत दहांतले नऊ शुक्राणू असले 'निर्वंश'!

मग निसर्ग मूर्ख ठरला काय? फुलपाखरांच्या भाऊबंदकीतल्या रेशीमकिड्यावरचा जपानी संशोधकांचा प्रयोग २०१९ साली प्रसिद्ध झाला. त्यांनी नरात हे बिनकेंद्रकी शुक्राणू नीट घडूच दिले नाहीत. वारसदार शुक्राणू मादीच्या शरीरात गेले, पण शुक्राणू साठवण्याच्या तिच्या कोठीपर्यंत पोचले नाहीत. अंडी फळली नाहीत. वारसा जवळ असून वंश खुंटला!

न्हावा शेव्याच्या माणसाला याचे नवल वाटू नये. १९८९ पासून चालू असलेल्या त्या बंदरात भरलेल्या कंटेनरांबरोबर रिकामेही येतात. रिकामा कंटेनर वेळेवर मिळाला नाही, तर निर्यातीचा माल गोदामातच अडकतो.

कोणी म्हणेल, कीटकावरून माणसाचे मोल ठरवू नये. अगदी मान्य! काकांचे मोल सांगायला पुतण्यांच्या फीच्या पावत्या पुरेत. काकूंचे मोल, त्यांनी रात्री जागून काढलेली आजारपणे सांगतील. माझे म्हणणे एवढेच: निपुत्रिकाला हिणवायचेच असेल, तर स्वतःच्या जबाबदारीवर हिणवा. निसर्गाने तुम्हाला त्याचे मुखत्यारपत्र दिलेले नाही.