छापे दिवाळीत घाला, कणी शाळेत शिकवा



संक्रांत आठ दिवसांवर आली की नायलॉन मांजाचे गट्टू जप्त झाल्याच्या बातम्या सुरू होतात. कारवाई होते हे चांगलेच, पण तोवर माल घरोघरी पोचलेला असतो. राष्ट्रीय हरित लवादाने ११ जुलै २०१७ रोजी नायलॉन आणि इतर कृत्रिम धाग्यांच्या मांजावर देशभर बंदी घातली. ती फक्त संक्रांतीपुरती नाही, बाराही महिने लागू आहे. डिसेंबर २०२० मध्ये नाशिकला दुचाकीवरून जाणाऱ्या एका महिलेचा याच मांजाने गळा चिरून मृत्यू झाला, तेव्हा संक्रांतीला दोन आठवड्यांहून जास्त अवकाश होता. मग जानेवारीची वाट कशासाठी पाहायची?

आमच्या धुळ्यात मुंबई-आग्रा आणि सुरत-नागपूर हे दोन्ही महामार्ग एकमेकांना छेदतात. माल चारही दिशांनी येऊ शकतो. तपासणी दिवाळीपासून आणि ट्रान्सपोर्टच्या गोदामांपासून सुरू झाली पाहिजे. पकडलेल्या दुकानदाराला माल कोणी दिला, हे शोधत वर कारखान्यापर्यंत गेले पाहिजे. टपरीवाल्या पोरावर गुन्हा नोंदवून थांबलो, तर पुढच्या वर्षी त्याच्या जागी दुसरा पोरगा बसेल.

पण सगळे खापर पोलिसांवर फोडून चालणार नाही. गिऱ्हाईक आपणच आहोत. ‘सुती मांजा लगेच कटतो, पेचात टिकत नाही,’ असे पोरे सांगतात आणि आपण पाकिटातून पैसे काढून देतो. अहो, कटण्यासाठीच तर पेच असतो! ढील कधी द्यायची, खेच कधी मारायची, वारा कुठून फिरतो, हे ज्याला कळते तो साध्या मांजावरही दोन-चार पतंग सहज काटतो. नायलॉन तुटतच नाही. तो ताणला जातो, कातडीत रुततो आणि सण संपल्यावरही झाडावर न कुजता लटकत राहतो. त्यात वटवाघळे, घारी, बगळे अडकून तडफडून मरतात.

मला यात कणीचा, म्हणजे मांजा जोडण्यासाठी पतंगाला बांधतात त्या दोऱ्यांचा, मोठा वाटा दिसतो. आमच्याकडे वारा जोराचा, साक्री तालुक्यात ब्राह्मणवेलच्या पठारावर पवनचक्क्या उभ्या राहिल्या त्या उगीच नाहीत. अशा वाऱ्यात कणीची वरची दोरी खालच्या दोरीपेक्षा थोडी आखूड ठेवली की पतंग वाऱ्याला कमी छाती देतो, ओढ कमी होते आणि साधा सुती दोरा पुरतो. वारा मंद असेल तर फरक कमी करायचा. पतंग एका बाजूला कलत असेल तर दुसऱ्या बाजूच्या कमानीला कागदाची बारीक पट्टी बांधायची. हे हल्ली कोणी शिकवत नाही. विकतचा पतंग, ओबडधोबड कणी, तो गोता खातो किंवा दोरा तोडतो आणि पोरगा ‘मजबूत’ दोरा मागतो. शाळांनी डिसेंबरमध्ये एक तास कणी बांधायला दिला, तर त्याचा उपयोग दहा भाषणांहून जास्त होईल.

त्याच तासात दुसरेही सांगता येईल. कठडा नसलेल्या गच्चीवर चढू नये, कारण पतंगाकडे पाहत मागे सरकणाऱ्याला कडा दिसत नाही. विजेच्या तारेत अडकलेला पतंग सोडून द्यावा, काठी किंवा लोखंडी गज तिथे नेऊ नये. ओला दोरा किंवा धातूची भुकटी लावलेला मांजा वीज वाहून आणतो. पहाटे आणि तिन्हीसांजेला पाखरे घरट्यातून निघतात, परततात, तेव्हा पतंग खाली घ्यावा.

दुचाकीस्वारांना एकच सांगणे: संक्रांतीच्या आठवड्यात गळ्याला जाड रुमाल गुंडाळा आणि पांझरा नदीच्या पुलांवर वेग कमी ठेवा. पुढे बसवलेल्या लहान पोराचा गळा सर्वांत आधी दोऱ्यासमोर येतो, म्हणून त्याला पुढे बसवू नका.

महापालिकेकडे माझी मागणी आहे. गरुड मैदानासारखी मोकळी जागा संक्रांतीच्या दिवशी पतंगासाठी राखून ठेवावी, तिथे फक्त सुती मांजा चालेल असा फलक लावावा आणि दाराशी चक्री तपासावी. दुसऱ्या दिवशी अग्निशमन दलाच्या शिडीने देवपूरच्या झाडांवरचा दोरा उतरवावा. खाली पडलेला दोरा गोळा करायला आमच्या गल्लीतील पोरे येतील, मी त्यांना घेऊन येतो.

आपला,
एक वाचक, देवपूर, धुळे