ज्ञान खुले, दार बंद

अपस्माराचा झटका आलेल्याच्या नाकाशी कांदा वा चप्पल धरण्याची चाल आपल्याकडे अजून पुरती मोडलेली नाही. अपस्माराचा हिंदू विवाह कायद्यातील उल्लेख काढून टाकायलाही १९९९ साल उजाडावे लागले. अज्ञानाची ही बाजू सर्वांच्या परिचयाची आहे. आता प्रश्न ज्ञानाच्या वाटपाचाही झाला आहे.

काही रुग्णांत या रोगाचे मूळ जन्मापूर्वीच रुजलेले असते. गर्भावस्थेत मेंदूचा कॉर्टेक्स नावाचा बाहेरचा थर घडत असताना एखाद्या जागी पेशींची मांडणी बिघडते. अशा एका विकृतीचे वर्णन टेलर, फाल्कनर आदी ब्रिटिश संशोधकांनी १९७१ साली केले. या रुग्णांवर औषधांची मात्रा पुष्कळदा चालत नाही. मात्र बिघडलेली जागा सापडून ती काढता आली, तर अनेकांचे झटके थांबतात. अडचण अशी की, एमआरआयच्या चित्रात ही जागा कित्येकदा निष्णात डोळ्यांनाही चकवते. अहवालावर ‘दोष नाही’ असा शेरा पडतो आणि शस्त्रक्रियेची वाट बिकट होते.

लंडनमधील किंग्ज कॉलेज व युनिव्हर्सिटी कॉलेजच्या संशोधकांनी २०२५ साली प्रसिद्ध केलेला अभ्यास म्हणूनच महत्त्वाचा आहे. २३ केंद्रांतील ११८५ व्यक्तींच्या मेंदूची चित्रे त्यासाठी एकत्र केली गेली. त्यावर आधारलेल्या संगणकप्रणालीने तज्ज्ञांच्या नजरेतून सुटलेल्या विकृतींपैकी ६४ टक्के हुडकल्या. अंतिम निर्णय अर्थातच डॉक्टरांचा. परंतु ही प्रणाली संशोधकांनी सर्वांसाठी खुली ठेवली, हे विशेष.

अर्थशास्त्रात जिला सार्वजनिक वस्तू म्हणतात, ती हीच. एकाने वापरल्याने दुसऱ्याचा वाटा घटत नाही. पण चित्र काढणारे यंत्र, तंत्रज्ञ आणि मेंदूतज्ज्ञ फुकट मिळत नाहीत. जागतिक आरोग्य संघटनेच्या मते जगातील सुमारे ५ कोटी अपस्माररुग्णांपैकी जवळजवळ ८० टक्के अल्प व मध्यम उत्पन्नाच्या देशांत राहतात. म्हणजे ज्ञान खुले, आणि त्याच्यापर्यंत नेणारे दार मात्र पैशाच्या किल्लीने उघडणारे!

जिथे साधी गोळी मिळत नाही तिथे ही चैन कशाला, असे कोणी विचारील. गोळी आधी मिळाली पाहिजे, हे निर्विवाद. पण जिच्यावर गोळी चालत नाही त्या मुलीला दैवावर सोडणे, हा काही काटकसरीचा मार्ग नव्हे. तिची शाळा, तिचा रोजगार, तिची काळजी वाहणाऱ्या आईची मजुरी, हा खर्च कोणत्याच अंदाजपत्रकात दिसत नाही, इतकेच. तिरुवनंतपुरमची श्री चित्रा तिरुनाल ही सरकारी संस्था गेली अनेक वर्षे अपस्मारावरील शस्त्रक्रिया करीत आली आहे. तेव्हा हे अशक्य नाही.

दोन योग्य औषधे निष्फळ ठरलेल्या प्रत्येक रुग्णाची सरकारी खर्चाने नीट तपासणी व्हावी, एवढी मागणी आपण आपापल्या जिल्ह्यात लावून धरली पाहिजे.