शाळेची बाग दिसायला छान, पण कामाचीही हवी



सध्या मे महिना आहे, मुलं मामाच्या गावाला गेलीत. बागेचा कायापालट करायचा असेल तर हीच वेळ. जून उजाडला की प्रवेश, पुस्तकं, गणवेश यात आपल्याला श्वास घ्यायला फुरसत नसते.

शाळेची बाग म्हटलं की आपल्याकडे काय होतं? रंगवलेले टायर, तिरक्या विटांची किनार, गेरू-चुना दिलेली खोडं आणि मधोमध लॉन. फोटो झकास येतो. पण टायरच्या पोकळीत पावसाचं पाणी साचतं आणि आठवड्या-दहा दिवसांत त्यात डासांची पिल्लावळ तयार होते. विटांचे टोकदार कोपरे तर पळणाऱ्या मुलांच्या गुडघ्यांसाठीच ठेवल्यासारखे असतात. लॉनबद्दल मी काही बोलत नाही, उन्हाळ्यात टँकर येणाऱ्या गावात ते शोभतं का, तुम्हीच सांगा.

माझं मत असं, की बागेचा आराखडा मुलांच्या हाताच्या मापाने करावा. वाफा तीन फुटांपेक्षा रुंद नको. दुसरी-तिसरीच्या मुलाला वाफ्यात पाय न ठेवता मधलं तण काढता आलं पाहिजे. दोन वाफ्यांमधली वाटही तीन फूट ठेवा, म्हणजे दोघं मिळून बादली नेताना रोपं तुडवत नाहीत. बारा बाय तीनचा वाफा म्हणजे छत्तीस चौरस फूट. परिमिती आणि क्षेत्रफळ शिकवायला फळ्यावर वेगळा आयत काढायची गरजच नाही!

जागा ठरवण्याआधी एक दिवस सकाळी, दुपारी आणि चारच्या सुमारास सावली कुठे पडते ते चुन्याने आखा. भाजीला निदान सहा तास ऊन लागतं. इमारतीच्या सावलीत वांगी लावली तर नुसती उंच वाढतात, फळ धरत नाहीत.

पाण्याचा विचारही आधीच करा. पोषण आहारानंतर मुलं ताटं आणि हात धुतात, ते पाणी बहुतेक ठिकाणी वाटेवर चिखल करतं. एक चर काढून ते केळी आणि अळूकडे वळवा. चिखल जातो आणि अळूची पानं खिचडीसोबतच्या भाजीला होतात. आमटीला कोथिंबीर, कढीपत्ता बागेतून तोडून नेता आला तर स्वयंपाक करणाऱ्या ताईंना किती बरं वाटतं बघा.

पावसाळ्यात लाल माठ, अंबाडी, कुंपणावर दोडका नि कारलं. थंडीत मेथी, पालक, मुळा. मेथीपासून सुरुवात करायला मला फार आवडतं, कारण ती महिनाभरात काढायला येते. लहान मुलांचा धीर तेवढाच असतो हो! शोभेसाठी वाफ्यांच्या कडेला झेंडू लावा. रंग येतो, दसऱ्याला तोरणाची सोय होते, शिवाय जमिनीतल्या सूत्रकृमींना झेंडूच्या मुळांमुळे आळा बसतो. शेवगा जरूर लावा, पण कोपऱ्यात. त्याची फांदी फार ठिसूळ असते आणि आपली मुलं चढल्याशिवाय राहत नाहीत.

आता सगळ्यात महत्त्वाचं. कुंपणाला कण्हेर असेल तर ती काढा. गुरं खात नाहीत, पाणी कमी लागतं, फुलं बारमाही, म्हणून ती पुष्कळ शाळांत दिसते. पण तिचा प्रत्येक भाग विषारी आहे. पिवळ्या कण्हेरीच्या बिया, ज्यांना आपण बिट्ट्या म्हणतो, मुलं खेळायला खिशात भरतात आणि पहिलीतलं मूल हातातली वस्तू तोंडात घालतंच. काही जण म्हणतील, इतकी वर्षं आहे, काही झालं नाही. मला हा युक्तिवाद मान्य नाही. त्या जागी जास्वंद लावा, मेंदी लावा, अडुळसा लावा. कुंपण तितकंच हिरवं दिसेल. काढलेल्या फांद्या मात्र शेकोटीत किंवा चुलीत घालू नका, धूरही घातक असतो.

राहिला सुट्टीचा प्रश्न. मे महिन्यात वाफे रिकामेच ठेवा, वर पालापाचोळ्याचा थर द्या. लिंबू, कढीपत्ता, शेवगा एवढीच झाडं जगवायची. प्रत्येकाच्या बुंध्याजवळ तळाला बारीक छिद्र पाडलेलं जुनं मडकं गळ्यापर्यंत पुरा, वर झाकण ठेवा. ते भरून द्यायला शाळेजवळ राहणारी दोन-तीन मुलं आणि त्यांचे आजोबा आत्ताच ठरवून ठेवा, आणि फाटकाची एक किल्ली त्यांच्याकडे द्या.